नऊ वर्षांच्या मुलाचा पुढचा दात तुटलाय, मूळ अपुरं आहे. रूट कॅनाल करावं की दात काढावा? खर्च किती येतो?

काढू देऊ नका. निदान लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरांना, म्हणजे पेडोडॉन्टिस्टना दाखवल्याशिवाय तरी नाहीच. "मूळ तयार नाही, रूट कॅनाल होणार नाही, काढून टाकू" असं तुम्हाला सांगितलं गेलं. हेच मला माझ्या लेकीच्या वेळी ऐकवलं होतं, म्हणून लिहायला बसले.

ती तिसरीत होती. खो-खो खेळताना खांबावर आपटली आणि वरचा पुढचा दात निम्मा तुटला. गावातल्या दवाखान्यात एक्स-रे न काढताच वरून सिमेंट भरून घरी पाठवलं. दिवाळीनंतर त्याच दातावर, हिरडीला पुवाची पुळी आली. मग तेच डॉक्टर म्हणाले, काढा. घरात थोरल्या दिरांनी तेच लावून धरलं. "एका दातासाठी कशाला हेलपाटे? मोठी झाली की इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला खोटा दात, बसवू. लग्नापर्यंत होतं सगळं नीट." मुलाचा दात असता तरी असंच म्हणाला असतात का, असं मी विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन एसटीने शहरातलं सरकारी डेंटल कॉलेज गाठलं.

तिथल्या मॅडमनी एक्स-रे समोर धरून समजावलं. पक्का दात हिरडीतून वर आला तरी त्याचं मूळ पूर्ण व्हायला पुढे साधारण तीन वर्षं लागतात. मधेच आतली नस मेली की मुळाची वाढ तिथेच थांबते. भिंती पातळ राहतात, टोक उघडं राहतं. रूट कॅनालमध्ये नेहमी भरतात ते गट्टा-पर्चा, म्हणजे रबरासारखं भरण, भरायला गेलं तर ते खाली अडायला जागाच नसते. म्हणून आधी टोकाला बूच बसवायचं. पूर्वी त्यासाठी कॅल्शियम हायड्रॉक्साइड नावाचं औषध महिनोन्‌महिने बदलत राहायचे, आणि फार काळ ठेवलं की मूळ ठिसूळ होतं. माझ्या लेकीला ते थोडे दिवसच ठेवलं, आतला जंतुसंसर्ग जाण्यापुरतं. मग एमटीए नावाचं सिमेंट टोकाशी चारेक मिलिमीटर भरलं, वर ओला कापूस ठेवून ते घट्ट होऊ दिलं आणि पुढच्या खेपेला उरलेला दात भरला. पुळी गेली ती गेलीच.

आज ती सतरा वर्षांची आहे, दात जागेवर आहे. आणि भाऊजींच्या त्या इम्प्लांटचं वय अजूनही आलेलं नाही! जबड्याची वाढ थांबल्याशिवाय इम्प्लांट बसवत नाहीत, कारण शेजारचे दात वाढीबरोबर खाली सरकतात आणि इम्प्लांट तिथेच अडकून राहतं. दात काढला असता तर पोरीची सगळी शाळा खिंडार घेऊन नाहीतर काढ-घाल करायच्या प्लेटवर गेली असती, शिवाय तिथलं हाड झिजलं असतं ते वेगळंच. आठ वर्षांच्या मुलीला इम्प्लांटचा वायदा करणारे तो पुरा कधी होणार हे का सांगत नाहीत?

तुमच्या मुलाची नस अजून जिवंत असेल तर पूर्ण रूट कॅनालही नको. नसेचा वरचा खराब भाग तेवढा काढून औषध ठेवतात, मूळ आपोआप वाढत राहतं. अशा दातात थंडाची किंवा करंटची तपासणी नेहमी खरी येत नाही, तेवढ्यावरून नस मेली म्हणू देऊ नका. नस मेली असेल तर टोकाशी रक्त आणून मूळ वाढवायचाही एक उपाय आहे, पण तो दर वेळी साधतोच असं नाही.

खर्च गावागणिक बदलतो, सरकारी कॉलेजात बराच कमी येतो.

मी डॉक्टर नाही. एमटीएने टोक बंद होतं, भिंती जाड होत नाहीत, त्यामुळे असा दात हिरडीपाशी मोडू शकतो. माझी लेक अजूनही पेरू आणि ऊस त्या दाताने खात नाही आणि एक्स-रे वेळच्या वेळी काढून घेते. आणि मुलाला ताप किंवा तोंडावर सूज असेल तर हे वाचत बसू नका, आजच न्या.