वाचकांचे प्रश्न : लायडनमध्ये हेलियमपासून हृदयापर्यंत

गेल्या अंकात एमआरआय यंत्रावरच्या लेखात नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाचा ओझरता उल्लेख होता : हेलियम पहिल्यांदा द्रवरूप झाला तो तिथे. त्यावर बरीच पत्रं आली. विद्यापीठ १५७५ सालचं, विद्याशाखा सात. सगळं इथे मावणार नाही. पत्रांतून जे विचारलं गेलं, त्यातलं निवडक घेतलं आहे.

प्रश्न : दाबाखालचा वायू झडपेतून सोडला की थंड होतो, असं शिकलो. मग हेलियम द्रव करायला १९०८ साल का उजाडावं लागलं? (बीएस्सीचा विद्यार्थी, सोलापूर)

शिकलात ते अर्धंच आहे. वायू सुटताना थंड होतो, पण तो मुळात एका ठरावीक तापमानाच्या खाली असेल तरच. वर असेल तर उलट तापतो. हवेसाठी ही मर्यादा खोलीच्या तापमानाच्या बरीच वर आहे, म्हणून हवेची अडचण येत नाही. हायड्रोजनसाठी ती सुमारे २०० केल्विन आहे. हेलियमसाठी जेमतेम ४० ते ४५ केल्विन, म्हणजे उणे २३० अंश सेल्सियसच्या आसपास. झडपेपाशी येण्याआधीच हेलियम एवढा गार हवा. त्यासाठी द्रव हायड्रोजन लागतो, आणि द्रव हायड्रोजनसाठी द्रवरूप केलेली हवा!

हायके कामरलिंग ओनेस यांनी लायडनमध्ये ही उतरंडच रचली. आधी मिथाइल क्लोराइड (उत्कलनबिंदू उणे २४), मग इथिलीन (उणे १०४), मग ऑक्सिजन (उणे १८३), मग हवा. युक्ती प्रत्येक पायरीवर एकच : द्रवावरचा दाब पंपाने कमी करायचा. मग तो नेहमीपेक्षा कमी तापमानाला उकळतो आणि पुढच्या वायूला द्रव करतो. हायड्रोजनही असाच दाब उतरवून सुमारे १५ केल्विनपर्यंत नेला.

खरी डोकेदुखी हेलियमच्या शुद्धतेची. तो मोनाझाइट वाळू तापवून मिळवलेला होता. त्यात हवेचा किंवा हायड्रोजनचा अंश राहिला तर वाटेत गोठतो आणि झडपेचं बारीक तोंड बुजवतो. म्हणून हायड्रोजनचा अंश तापलेल्या कॉपर ऑक्साइडवर जाळून काढायचा आणि उरलेली घाण थंड केलेल्या कोळशात शोषून घ्यायची. गळती ही दुसरी भीती. हाताशी वायू होता सुमारे २०० लिटर, आणि हवेत सुटलेला हेलियम परत मिळत नाही.

१० जुलै १९०८ रोजी पहाटे पावणेसहाला काम सुरू झालं. दुपारी दीडपर्यंत २० लिटर द्रव हायड्रोजन जमला. संध्याकाळी तापमापी पाच केल्विनच्या आसपास अडकली, काही केल्या खाली जाईना. बघायला आलेल्या एका रसायनशास्त्रज्ञाने सुचवलं की तापमापी कदाचित द्रवातच बुडालेली असेल. खालून उजेड टाकल्यावर द्रवाचा पृष्ठभाग दिसला. आधी दिसला नाही, कारण द्रव हेलियम प्रकाश जवळजवळ वाकवतच नाही. भांड्यात काही आहे हेच कळत नाही. हाती लागला ६० घनसेंटिमीटर. हिशेब करून पाहा : २०० लिटर वायूचं वस्तुमान सुमारे ३६ ग्रॅम, द्रवाची घनता घनसेंटिमीटरला ०.१२५ ग्रॅम, सगळा द्रव झाला असता तर २८५ घनसेंटिमीटर भरला असता. चौथा हिस्साही हाती आला नाही.

प्रश्न : प्रयोगशाळा काही काळ बंद पाडली होती, हे खरं का? (रत्नागिरी)

दाबाखालच्या वायूंचं काम बंद पडलं होतं, १८९५ पासून सुमारे तीन वर्षं. १२ जानेवारी १८०७ रोजी लायडनच्या कालव्यात बंदुकीच्या दारूने भरलेलं जहाज फुटलं, दीडशेच्या आसपास माणसं गेली, मोहल्लाच्या मोहल्ला सपाट झाला. ही प्रयोगशाळा उभी राहिली ती त्याच उद्ध्वस्त भागात. तिथे वायूंच्या टाक्या भरतात म्हटल्यावर नगरपालिका बिथरली. त्यांना हसण्यात अर्थ नाही. कॉम्प्रेसर, ज्वालाग्राही इथिलीन आणि त्याच आवारात द्रव ऑक्सिजन हे एकत्र असल्यावर आजचा सुरक्षा अधिकारीही आधी कागदपत्रंच मागेल.

प्रश्न : अतिवाहकता (विजेला होणारा रोध नाहीसा होणं) शोधायला पाराच का घेतला? (नाशिक)

शुद्धतेसाठी. धातू अतिशय थंड केला की उरलेला रोध मुख्यतः अशुद्धींमुळे असतो. पारा पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातित करून कमालीचा शुद्ध करता येतो. तो काचेच्या बारीक नळ्यांत भरला आणि गोठवला की आयती तार तयार होते. १९११ मध्ये ४.२ केल्विनजवळ त्याचा रोध मोजता येणार नाही इतका कोसळला. पहिला संशय शॉर्टसर्किटचा आला, म्हणून जोडण्या पुन्हा पुन्हा तपासल्या गेल्या.

पुढची फसगत फारशी सांगितली जात नाही. शिशाच्या तारेचं वेटोळं करून लोखंडाशिवाय एक लाख गाउसचा (गाउस हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) चुंबक करू, असं ओनेस यांना वाटलं होतं. पण स्वतःच्याच चुंबकीय क्षेत्रात शिशाची अतिवाहकता काही शे गाउसला मरते. एमआरआयच्या चुंबकाला नायोबियम-टायटॅनियमची तार लागते ती यामुळे. दीड टेस्ला म्हणजे १५,००० गाउस.

प्रश्न : ईसीजीही (हृदयाच्या विद्युत संकेतांचा आलेख) लायडनचाच म्हणतात. आजच्या ईसीजीत त्यातलं काय उरलंय? (ईसीजी तंत्रज्ञ, कोल्हापूर)

विलेम आइन्टहोव्हन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे तार-गॅल्व्हनोमीटर बनवला. चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अतिसूक्ष्म तंतू शक्तिशाली विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये ताणलेला असे. हृदयाचा प्रवाह त्यातून गेला की तंतू बाजूला सरके, आणि त्याची सावली सरकत्या फोटोपट्टीवर उमटे. तंतू काढायची रीत न्यारी होती : वितळलेला क्वार्ट्झ बाणाला लावायचा आणि बाण सोडायचा. यंत्राचं वजन २७० किलोच्या घरात, चालवायला पाच माणसं. ते इस्पितळात नेणं अशक्य, म्हणून सुमारे दीड किलोमीटरची टेलिफोनची तार टाकून रुग्णाचे ठोकेच प्रयोगशाळेत आणले.

रुग्णाचे हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवत. तुम्ही लावता ती जेल तेच काम करते : कोरड्या त्वचेचा रोध कमी करते. जेल कमी पडली की रेषा थरथरते आणि तळ वरखाली भरकटतो, हे तुम्ही रोज पाहतच असाल.

उरलंय ते म्हणजे आलेखातल्या लाटांची पी, क्यू, आर, एस, टी ही नावं आणि पहिल्या तीन लीड्सचा त्रिकोण. लीड म्हणजे शरीरावरच्या ठरावीक जागांमधल्या विद्युतदाबाच्या फरकाची नोंद. लीड एक आणि लीड तीन यांची बेरीज लीड दोनएवढी यायला हवी. एकाच वेळी नोंदवलेल्या ठोक्यात ती येत नसेल तर पट्ट्यांची नावं किंवा यंत्र तपासा. एक सापळा मात्र आहे : दोन्ही हातांच्या तारांची अदलाबदल झाली तरी ही बेरीज बरोबरच येते. ती चूक ओळखायची ती लीड एकमध्ये सगळंच उलटं दिसतं आणि एव्हीआर ही उजव्या हाताची लीड सुलटी होते यावरून. हृदय उजवीकडे असेल तरी असंच दिसेल. मग छातीच्या लीड्स पाहा. व्ही एक ते व्ही सहामध्ये आर लाट नेहमीसारखी वाढत गेली तर तारा चुकल्यात, खुजी होत गेली तर हृदय उजवीकडे असण्याची शक्यता मोठी, आणि ती पट्टी लगेच डॉक्टरांना दाखवायची.

प्रश्न : भावंडाची किडनी जुळते, आईची अर्धीच जुळते, असं का? यात लायडनचा काय संबंध? (नागपूर)

पांढऱ्या पेशींवरच्या खुणांचे, म्हणजे एचएलएचे, दोन संच असतात. एक आईकडून, एक वडिलांकडून. म्हणून पालकाशी साधारण अर्धंच जुळतं. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, अजिबात न जुळण्याचीही चारात एक. १९५८ मध्ये लायडनच्या योन व्हान रूड यांनी दाखवलं की गरोदरपणात आईच्या रक्तात बाळाच्या पांढऱ्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. रक्त दिल्यावर त्रास झालेल्या एका बाळंतिणीवरून हा धागा मिळाला. याच खुणा ओळखायला मग अशाच मातांच्या रक्ताचा उपयोग झाला. युरोट्रान्सप्लांट ही अवयववाटपाची यंत्रणा त्यांनी १९६७ मध्ये लायडनमध्ये उभी केली. आज तीत आठ देश आहेत.

प्रश्न : आमच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचं लायडनशी नातं आहे का? (नारायणगाव)

विषयाचं आहे. हायड्रोजनचा अणू १४२०.४ मेगाहर्ट्झला, म्हणजे २१ सेंटिमीटर तरंगलांबीला, क्षीण संकेत देतो. लायडनचे यान ओर्ट यांच्या सांगण्यावरून हेंड्रिक व्हान डी हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये हे भाकीत केलं. डच गटाने जर्मनांनी मागे ठेवलेली साडेसात मीटरची रडार-थाळी घेतली, पण १९५० मध्ये त्यांचा रिसीव्हर (संकेत पकडणारं यंत्र) आगीत जळाला. दरम्यान १९५१च्या मार्चमध्ये हार्वर्डने संकेत पकडला. डचांना मे उजाडला. पण आकाशगंगेच्या भुजांचा नकाशा काढण्यात लायडन पुढे राहिलं. तो निघतो असा : वायू सेकंदाला एक किलोमीटर वेगाने दूर जात असेल तर वारंवारता ४.७ किलोहर्ट्झने उतरते. हाच संकेत खोडदच्या ४५ मीटरच्या ३० थाळ्याही पाहतात, आणि दूरच्या दीर्घिकांसाठी तो आणखी खालच्या वारंवारतेला शोधावा लागतो.

प्रश्न : इतके वेगळे विषय एका ठिकाणी कसे फुलले? आणि तिथे पीएचडी करायची तर? (ठाणे)

आमच्या मते बरंचसं श्रेय कार्यशाळेचं. ओनेस यांनी १९०१ मध्ये उपकरणं बनवणाऱ्या कारागिरांसाठी शाळा काढली. काच फुंकणारे ओस्कार केसेलरिंग आणि यंत्रं जुळवणारे खेरिट फ्लिम यांच्याशिवाय १९०८चा दिवस आला नसता. ती शाळा आजही चालू आहे.

पीएचडी तिथे बहुतेक वेळा पगारी नोकरी असते, साधारण चार वर्षांची. विद्यापीठाच्या रिक्त पदांच्या यादीत प्रकल्पानिशी जागा निघतात. लागते मास्टर्स पदवी. सरसकट एकच पत्र दहा ठिकाणी पाठवू नका. त्या प्रकल्पात लागणारं कोणतं मापन, कोणतं उपकरण किंवा कोणती आज्ञावली तुम्ही स्वतः हाताळली आहे ते लिहा. शेवटच्या परीक्षेआधी उमेदवार ज्या खोलीत थांबतो तिचं नावच ‘घामाची खोली’. भिंती सह्यांनी भरलेल्या आहेत. प्रश्नोत्तरं पाऊण तास चालतात. मग दंडधारी शिपाई आत येतो आणि लॅटिनमध्ये ‘वेळ झाली’ म्हणतो. वाक्य अर्धं असलं तरी तिथेच थांबायचं.