आलेख सपाट झाला, म्हणजे अभिक्रिया संपली का?

प्रश्न : मी सातपूर एमआयडीसीत अ‍ॅक्रिलिक शीट ओतणाऱ्या एका छोट्या युनिटमध्ये क्वालिटी बघतो. मोनोमर (ज्याचे लहान रेणू जोडून लांब साखळी बनते) एमएमए, म्हणजे मिथाइल मेथॅक्रिलेट; इनिशिएटर (अभिक्रिया सुरू करून देणारा) एआयबीएन. ओळखीच्या कॉलेजातल्या डीएससीवर (नमुन्यातून क्षणोक्षणी किती उष्णता निघते ते मोजणारं यंत्र) ७० अंशांना नमुना लावला. आधी रेघ सपाट, मग थोडी उष्णता, मध्येच उंच शेंडा आणि शेवटी पुन्हा सपाट. मशीन बिघडलंय का? आणि यावरून वेग कसा काढायचा?

उत्तर : मशीन ठणठणीत आहे, तुमचा आलेख अगदी नमुनेदार आलाय. आधी हिशेब. एक मोल एमएमए साखळीत गेला की साधारण ५७ किलोज्यूल उष्णता निघते. मोलचं वजन १०० ग्रॅम, म्हणजे ग्रॅममागे ५७० ज्यूल. पॅनमध्ये (नमुना ठेवायच्या छोट्या डबीत) १० मिलिग्रॅम असेल, तर सगळे मिळून ५.७ ज्यूल. एखाद्या क्षणी आलेख २ मिलिवॉट दाखवत असेल, तर मिनिटाला सुमारे २ टक्के मोनोमर साखळीत जातोय. झाला वेग! त्या क्षणापर्यंतच्या आलेखाखालच्या क्षेत्रफळाला (ज्यूलमध्ये) ५.७ ने भागा, कन्व्हर्जन, म्हणजे किती मोनोमर साखळीत गेला ते, हातात. नमुने काढा, वाळवा, तोला, ही जुनी हमाली आठवली की डीएससीची किंमत कळते.

सुरुवातीची सपाट रेघ म्हणजे पिंपातल्या मोनोमरमधला इनहिबिटर (अभिक्रिया रोखून धरणारं रसायन) आणि विरघळलेला ऑक्सिजन. इनिशिएटरमधून निघालेले नवे रॅडिकल (साखळी सुरू करणारे अतिक्रियाशील तुकडे) आधी तेच गिळतात.

शेंड्याची गोष्ट खरी रंगतदार. साखळी थांबते ती बहुधा दोन वाढत्या साखळ्यांची टोकं भेटली की. रस दाट झाला की ही अवजड मंडळी हलेनाशी होतात, लहानसा मोनोमर मात्र सहज पोचतो. सिंहस्थात रामकुंडावर दोन कुटुंबांची गाठ पडत नाही, पण पोरं बरोबर वाट काढतात, तसंच. थांबणं मंदावतं, वाढणं चालूच, आणि वेग एकदम चढतो. ट्रॉम्सडॉर्फ परिणाम तो हाच. जाड शीटमध्ये ही उष्णता बाहेर पडायला वाव नसतो, मोनोमर उकळतो आणि बुडबुडे धरतात. ते बघितले असतीलच!

शेवटच्या सपाट रेघेवर मात्र विश्वास ठेवू नका. शुद्ध पीएमएमए (एमएमएच्या साखळ्यांचं प्लास्टिक, म्हणजेच अ‍ॅक्रिलिक) साधारण १०५ अंशांखाली काचेसारखा कडक असतो. ७० अंशांवर, बराचसा मोनोमर संपला की मिश्रणच गोठतं आणि उरलेला मोनोमर जागच्या जागी अडकतो. उष्णता थांबली ती त्यामुळे. तोच पॅन आता १३० अंशांपर्यंत तापवा, उरलेली उष्णता छोट्या उंचवट्यात दिसेल. शीट शंभराच्या वर पुन्हा तापवतात ते यासाठीच.

पॅन नेहमी दाबून सील केलेलाच घ्या आणि आधी-नंतर तोला. एमएमए १०१ अंशांना उकळतो, त्याआधीही भरपूर उडतो, आणि उडताना उष्णता ओढून घेतो. वजन घटलेलं दिसलं तर तो आलेख खुशाल फेकून द्या.