बुडख्यातले नक्षीदार लाकूड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जुने झाड पाडायचे आहे. मुळाजवळच्या लाकडात नक्षी असते असे ऐकले. झाड नेहमीसारखे जमिनीलगत कापून बुडखा नंतर खणला तर चालेल का?

उत्तर : जमिनीलगत कापलेत तर नेमका चांगला भागच दुभंगेल. खोडाचे तंतू खाली येऊन मुळांत वळतात. दोन मुळांच्या बेचक्यात ते दाटतात, सुरकुततात, आणि फळीवर दिसतात त्या लाटा या सुरकुत्यांच्याच. हा पट्टा ढोबळमानाने जमिनीच्या वर फूट-दीड फूट आणि खाली फूटभर असतो. म्हणून साधारण ९० सेंटिमीटर उंचीचा बुंधा राखून वरचे झाड पाडा. बुडखा विंचने (दोर गुंडाळत ओढणाऱ्या यंत्राने) ओढताना हीच उंची तरफेसारखी कामी येते.

खणायला घेण्याआधी दोन गोष्टी पाहा. एक, खालून विजेची, पाण्याची किंवा गॅसची लाइन गेली आहे का. दुसरी, खणणे वसूल होईल का. तळहाताएवढी साल सोलून आतल्या लाकडावरून बोट फिरवा. आडव्या वळ्या लागल्या तर आत नक्षी आहे. पृष्ठभाग सरळ, गुळगुळीत असेल तर नक्षी बेताचीच निघण्याची शक्यता जास्त. एवढी माती उपसण्यापूर्वी पुन्हा विचार करा.

चर बुंध्यापासून निदान दीड फूट लांब घ्या. उभ्या झाडाची मुळे मात्र आधी तोडू नका. ते कुठल्या बाजूला जाईल याचा भरवसा नसतो.

प्रश्न : बुडखा धुऊन घेतला, तरी चेनसॉची साखळी दोन-चार मिनिटांत बोथट होते. का?

उत्तर : मुळे जाड होताना खडे पोटात घेतात, आणि दोन मुळांच्या फटीत साल आणि माती आत दाबली जाते. ही माती वरून धुऊन निघत नाही. साल कुऱ्हाडीने पूर्ण तासा, फटी पटाशीने उकरा, मग जोराच्या फवाऱ्याने धुऊन तारेच्या ब्रशने घासा. कापताना साखळी स्वच्छ बाजूने लाकडात शिरेल आणि मळक्या बाजूने बाहेर पडेल अशी बाजू धरा, म्हणजे माती कापात ओढली जात नाही. लोखंडासाठी मेटल डिटेक्टर फिरवा. टॅनिन (लाकडातला तुरट अंश) जास्त असलेल्या लाकडात निळसर काळा डाग दिसला तर जवळपास खिळा किंवा तार आहे असे समजून थांबा.

प्रश्न : बुडखा कापायचा कुठल्या दिशेने? आडव्या चकत्या काढल्या तर सगळ्या तडकल्या.

उत्तर : चकत्या तडकणारच. लाकूड वाळताना वार्षिक वलयांच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याकडून सालीच्या दिशेने आकसते. अखंड चकतीत हा फरक जिरायला वाट नसते, म्हणून ती गाभ्यापर्यंत फाटते.

बुडखा उभा चिरा. वरच्या कापलेल्या तोंडावर गाभ्याचा मध्य शोधा आणि त्यातून, सर्वांत जाड अशा समोरासमोरच्या दोन मुळांच्या रोखाने खडूची रेघ मारा. मुळे समोरासमोर नसतील तर सर्वांत जाड मुळाचा रोख धरा. ओळंब्याने ती रेघ दोन्ही बाजूंना खालपर्यंत उतरवा. मग बुडखा उलटा करा : सपाट तोंड खाली, मुळे वर. असा तो डुगडुगत नाही. तरी पाचरी ठोकाच. पहिला काप या रेघेवरून, थेट गाभ्यातून घ्या. इथे घाई करू नका, कारण पुढच्या सगळ्या फळ्यांचे रूप याच कापावर ठरते.

दोन अर्धुके झाली की त्यांची तोंडे पाण्याने ओली करून निरखा. मुळे फाकतात तिथे पिसाऱ्यासारखी नक्षी असेल तर पुढचे काप याच तोंडाला समांतर घ्या. बाजूच्या फुगीर भागात आडव्या लाटा असतील तर तो भाग वेगळा करून गाभ्याकडून सालीकडे चिरा; बहुतेक लाकडांत लाटा या कापावर जास्त उठून दिसतात. टेबलाच्या फळीसाठी ६५ मिलिमीटर जाडी ठेवा. वाळून, सरळ करून ४५ च्या आसपास हाती लागते. डब्याच्या झाकणाला ३० पुरे.

उभ्या चिरण्यासाठी दातांचा कोन सुमारे १० अंश असलेली साखळी वापरा. आडव्या कापणीच्या साखळीचा कोन ३० च्या आसपास असतो. तंतूंच्या लांबीने करवत चालली की लांब दोऱ्यांसारखा भुसा निघतो आणि साखळीच्या झाकणाखाली तुंबतो. मशीन बंद करून तो वरचेवर काढा. काप मिटू लागला तर प्लॅस्टिकची पाचर घाला. पात्याच्या टोकाचा वरचा भाग कशालाही लागू देऊ नका. तिथूनच करवत अंगावर उसळते.

प्रश्न : तीन-चार वर्षे पडून असलेला बुडखा घ्यावा का?

उत्तर : सालीलगतचे फिकट लाकूड बहुधा गेलेले असते, गाभा टणक जातीचा असेल तर तो शाबूत असू शकतो. हातोडीने ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर घ्या, भदभद आला तर सोडा. वरच्या तोंडाच्या चिरा जिथवर गेल्या असतील तेवढा भाग वाया धरूनच हिशेब करा.

प्रश्न : फळ्या काढल्या, पण महिन्याभरात पिळवटल्या.

उत्तर : इथले तंतू सगळ्या दिशांना जातात, त्यामुळे फळीच्या पृष्ठभागावरही ठिकठिकाणी त्यांची तोंडे उघडी पडतात आणि तिथून पाणी झपाट्याने उडते. कापल्या दिवशीच टोकांना आणि नक्षीच्या भागाला मेणाचे इमल्शन (पाण्यात मिसळलेले मेण) फासा. ते नसेल तर जाड ऑइलपेंटचे दोन हात द्या. सावलीत, वाऱ्याच्या झोतापासून दूर रचा. थरांमध्ये २० ते २५ मिलिमीटरच्या पट्ट्या ३० सेंटिमीटरवर, एकाखाली एक नेमक्या ठेवा आणि वर भरपूर वजन द्या. पंचवीस मिलिमीटर जाडीला एक वर्ष हा जुना आडाखा बुडख्याच्या लाकडाला कमीच पडतो. एक फळी दर महिन्याला तोला. वजन उतरायचे थांबले की बाहेरचे वाळवण संपले. मग ती काही आठवडे घरात ठेवूनच कामाला घ्या.

प्रश्न : रंधा मारताना नक्षीच्या जागी लाकूड उपटून येते.

उत्तर : पाते नव्याने परजा, केसाएवढाच छिलका निघेल इतके बाहेर ठेवा, आणि पात्याचा कोन ५५ ते ६० अंशांपर्यंत उभा करा. तरी उपटले तर रंधा बाजूला ठेवून स्क्रेपर (खरवडायची पोलादी पट्टी) वापरा. आणि हे लाकूड खुर्चीच्या पायांना लावू नका. तंतू आडवे तुटलेले असल्याने भाराखाली ते मोडते.