निळा डाग म्हणजे गरम पाणी नव्हे

भूऔष्णिक, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेच्या, सर्वेक्षणाविषयी येणाऱ्या पत्रांत नकाशावरचा डाग म्हणजे गरम पाणी हाच घोळ पुन्हा पुन्हा दिसतो, म्हणून निवडक प्रश्न एकत्र घेतो आहे.

प्र. निफाडला आमच्या चारशे फुटी बोअरच्या पाण्यातून थंडीत सकाळी वाफा निघतात. खाली ज्वालामुखी आहे का?

नाही. आपला लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, कधीच निवलेला. बोअरचे पाणी बारमाही जवळपास एकाच तापमानाचे असते. हवा गारठली की ते ऊन लागते. तरी शंका असेल तर थर्मामीटरने मे आणि डिसेंबरात मोजा आणि आकडे भूजल सर्वेक्षण कार्यालयात दाखवा.

प्र. गुरुत्व सर्वेक्षणात उष्णता मोजतात का?

नाही, खडकांच्या घनतेतला फरक मोजतात.

प्र. सिन्नरजवळ आमची वीस एकर जमीन आहे. एका एजन्सीने चुंबकीय सर्वेक्षण करून रंगीत नकाशा दिला. त्यातल्या निळ्या डागाखाली गरम पाण्याचा साठा आहे, लगेच बोअर घ्या, असे ते म्हणतात. घ्यावा का?

घेऊ नका. असा नकाशा घेऊन येणारे तुम्ही पहिले नाहीत, आणि दर वेळी मला तितकाच संताप येतो.

निळा डाग म्हणजे चुंबकत्व कमी, एवढेच. न्यूझीलंडसारख्या जिवंत ज्वालामुखी प्रदेशात त्याला अर्थ असतो: गरम पाणी खडकातल्या मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे रूपांतर अचुंबकीय खनिजांत करते आणि तिथले चुंबकत्व घटते. तिथेही नुसत्या डागावर कोणी विहीर खोदत नाही. आपल्याकडे तर दख्खनचा बराचसा लाव्हा पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र उलटे असताना थिजला, त्यामुळे गार, धडधाकट बेसॉल्टही (थिजलेल्या लाव्ह्याचा काळा खडक) नकाशावर निळा उमटतो. शिवाय आपल्या अक्षांशावर नेहमीच्या चुंबकीय खडकाचाही निळा भाग त्याच्या उत्तरेला सरकलेला दिसतो. म्हणजे डाग एकीकडे, खडक दुसरीकडे!

लोखंडाचे तर विचारूच नका. एकदा असाच ठळक डाग तपासायला मी शेतात गेलो. बांधाला, घाणेरीच्या झुडपात, बंद पडलेल्या बोअरचा गंजका केसिंग पाइप वीतभर वर आलेला होता. सगळा डाग त्याचाच.

एजन्सीकडे तीन गोष्टी मागा: मूळ आकडे, चुंबकीय क्षेत्राचा दिवसभराचा चढउतार एका जागी टिपणाऱ्या बेस स्टेशनची नोंद, आणि पत्र्याची शेड, विजेचा टॉवर, केसिंग कुठे आहेत त्याचा कच्चा नकाशा. टाळाटाळ झाली तर एक रुपयाही पुढे देऊ नका. कागद मिळाले तर स्वतंत्र भूभौतिकतज्ज्ञाला दाखवा.

प्र. गुरुत्व मोजताना उंचीसाठी मोबाइलचे जीपीएस चालेल का?

चालणार नाही. उंचीत एक मीटर चुकलात तर हिशेबात सुमारे ०.२ मिलीगॅल (गुरुत्व मोजायचे बारीक एकक) चुकतात. मोबाइल सहज पाच-दहा मीटर चुकतो, आणि शोधायची विसंगती, म्हणजे आजूबाजूपेक्षा वेगळा आकडा, अनेकदा एक-दोन मिलीगॅलचीच असते. चुका दुरुस्त करून अचूक उंची देणारे डिफरेन्शियल जीपीएस वापरा.

प्र. मग वज्रेश्वरी, उनपदेवचे झरे गरम कसे?

पावसाचे पाणी भेगांतून खोल जाते, तिथल्या नेहमीच्या उष्णतेने तापते आणि वर येते. त्यासाठी मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, लागत नाही. म्हणून आपल्याकडे गुरुत्व आणि चुंबकीय सर्वेक्षणाचे खरे काम झाकलेले विभंग (खडक तुटून सरकल्याच्या भेगा) आणि डाइक (भेगांत घुसून थिजलेल्या लाव्ह्याच्या भिंती) शोधण्याचे. पाणी आहे का, किती तापलेले आहे, हे त्यांवरून कळत नाही. त्यासाठी मॅग्नेटोटेल्युरिक सर्वेक्षण (खोलवरच्या खडकांतून वीज किती सहज वाहते ते पाहणारे) आणि झऱ्याच्या पाण्याची रासायनिक तपासणी जोडावी लागते. दोन्हींचे अहवाल तज्ज्ञाने एकत्र वाचल्याशिवाय बोअरची गाडी शेतात बोलावू नका.