अकरा वर्षांच्या भाच्यासाठी दिवाळीची भेट

तुम्ही प्रथमच भाच्यासाठी दिवाळीची भेट निवडत आहात, म्हणून अनुभवाने सांगते की दुकानात जाण्यापूर्वी त्याच्या आईवडिलांना विचारण्याऐवजी त्याच्याशीच दहा मिनिटे बोला. या वयात खेळणे दिले तर आपल्याला लहान समजले असे मुलाला वाटते आणि नुसता शर्ट दिला तर त्याची घडीही मोडत नाही.

त्याला आकाशाची थोडी जरी ओढ असेल, तर साधी बायनॉक्युलर द्यावी, असे माझे ठाम मत आहे. तिच्यावर ‘७ × ५०’ किंवा ‘१० × ५०’ असे लिहिलेले असते. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसते ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहापटीहून अधिक क्षमतेची घेऊ नका, कारण हाताच्या कंपामुळे दृश्य थरथरते. दिवाळीत पावसाळा सरलेला असतो, लक्ष्मीपूजनाची रात्र अमावास्येची असल्याने चंद्रप्रकाश आड येत नाही, आणि पूर्वेला वर आलेला कृत्तिकांचा पुंजका, जो डोळ्यांना सहा-सात ताऱ्यांचा वाटतो, बायनॉक्युलरमधून कितीतरी ताऱ्यांनी भरलेला दिसतो. ती सूर्याकडे कधीही रोखायची नाही, हे मात्र भेट हातात देतानाच बजावून सांगा.

तो अंगणात किल्ला बांधत असेल, तर मातीचे मावळे वसुबारसेपूर्वीच पोहोचवा. भाऊबीजेला दिलेले मावळे किल्ल्यावर जेमतेम एक-दोन दिवस उभे राहतात.