बिझनेस क्लासच्या तिकिटावर विमानात नेमकं काय काय मागता येतं?

काका, तुम्ही लिहिलंय की मुलाने तुम्हा दोघांचं मुंबई-लंडन बिझनेस क्लासचं तिकीट काढलंय. दोघांचाही पहिलाच विमानप्रवास, काकूंचे गुडघे दुखतात, आणि दोघंही पक्के शाकाहारी. मुलगा म्हणतो, 'राजासारखे या, हवं ते मागा.' शेजारचे म्हणतात, 'खुर्ची जरा रुंद असते, बाकी सगळं तेच.' आणि मागायला जावं नि आपलंच हसं व्हावं, ही तुमची धास्ती.

सांगलीत विश्रामबागला माझं तिकीट बुकिंगचं ऑफिस आहे, बावीस वर्षं झाली. गिऱ्हाईक म्हणजे बेदाण्याचे आणि हळदीचे व्यापारी, मिरजेचे डॉक्टर, आणि अलीकडे तुमच्यासारखे मुलांकडे निघालेले आईवडील. मी स्वतः बिझनेस क्लासने सहा वेळा गेलोय. त्यातलं स्वतःच्या खिशातून फक्त एकदा, ते बायकोला अजून सांगितलेलं नाही.

माझ्या मते हे पैसे झोपेचे आहेत. नऊ-दहा तासांच्या प्रवासात पाय लांब करून आडवं होता येणं, हा मुख्य माल. बाकीचं सगळं म्हणजे ताटाची डावी बाजू. ती छान असावी, पण तिच्यासाठी कोणी एवढे पैसे मोजत नाही.

आणि गंमत बघा, 'बिझनेस क्लास' लिहिलंय म्हणजे आडवं होता येईलच असं नाही. देशातल्या देशात जी छोटी विमानं उडतात त्यांत पुढे दोन-दोनच्या रांगेत आठ किंवा बारा मोठ्या खुर्च्या असतात. त्या मागे कलतात, पलंग होत नाहीत. म्हणजे मुंबई-दिल्लीच्या बिझनेस क्लासमध्ये पाठ टेकवायची, आणि सांगली-मुंबईच्या स्लीपर कोचमध्ये चादर ओढून ताणून द्यायची. हे मी गिऱ्हाइकाला सांगितलं की आधी तो हसतो, मग तिकीट रद्द केलं तर किती कापतात ते विचारतो. तुमचा प्रवास लांबचा आहे, त्यामुळे खुर्चीचा सपाट पलंग होईल अशी अपेक्षा तुम्ही खुशाल ठेवा. ती अवास्तव नाही.

पण पलंग कसा, हे विमानावर असतं. मुलाकडून सीट मॅप मागवून घ्या. आडव्या रांगेत १-२-१, म्हणजे दोन्ही खिडक्यांशी एकेक आणि मधे दोन खुर्च्या, अशी मांडणी दिसली तर प्रत्येकाला थेट पॅसेजमध्ये उतरता येतं. एअर इंडियाच्या ए ३५० विमानात अशा २८ जागा आहेत, प्रत्येकीला सरकतं दार. कतार एअरवेजने २०१७ साली असं दार आणलं आणि मग बऱ्याच जणांनी ते उचललं. २-२-२ असेल तर खिडकीतल्या माणसाला रात्री उठताना शेजाऱ्याचे पाय ओलांडावे लागतात. एमिरेट्सच्या बऱ्याच ७७७ विमानांत २-३-२ आहे, हळूहळू बदलताहेत, पण तोवर मधल्या खुर्चीत बसणाऱ्याने बिझनेस क्लासचे पैसे देऊन एसटीत तिघांच्या सीटवर मधे बसल्याचा अनुभव घ्यायचा. काकूंचे गुडघे लक्षात घेता त्यांना पॅसेजची जागा घ्याच. १-२-१ असेल तर मधल्या दोन जागा जोडीने घ्या. फक्त त्या एकमेकींना खेटून आहेत की मधे टेबलं आहेत ते नकाशात बघा, कारण काही विमानांत 'शेजारी' म्हणजे चार फूट लांब आणि मधे भिंत. आणखी एक, पाय ठेवायची जागा पुढच्या खुर्चीच्या पोटात गेलेली असते आणि ती अरुंद असते. पहिल्या रांगेत ती बहुतेक ऐसपैस मिळते. मात्र तिथे पायाशी पिशवी ठेवू देत नाहीत, उडताना सगळं वर जातं.

उडताना आणि उतरताना खुर्ची सरळ करावी लागते, दार उघडं ठेवावं लागतं. कितीही पैसे भरलेले असोत, यात सूट नाही.

आता खुर्चीच बिघडली तर? माझ्यावर ही वेळ आलेली आहे. कंपनीचं नाव घेत नाही. रात्रीची फ्लाइट, जेवण झालं, बटण दाबलं तर खुर्ची अर्ध्यावर येऊन अडकली. ना पुढे ना मागे, न्हाव्याकडे दाढीला बसल्यासारखा मी. पाऊण तास भिडेपोटी तसाच पडून राहिलो, हा माझा मूर्खपणा. शेवटी बेल दाबली तर आलेल्या एअर होस्टेसने खुर्चीच्या खाली हात घालून कसलीशी पट्टी ओढली आणि मोटर न वापरता हाताने खुर्ची सपाट करून दिली. अशी हाताने करायची सोय बहुतेक खुर्च्यांना असते, आपल्याला माहीत नसते. तिने आणखी एक शहाणपणाचं सांगितलं: 'सर, क्रूच्या प्रमुखाला नोंद करायला सांगा आणि एक फोटो काढून ठेवा.' परत आल्यावर पत्र लिहिलं, पुढच्या प्रवासात वापरायचं व्हाउचर आलं. जागेवर तक्रार नोंदवली नसती तर तेही आलं नसतं.

हे प्रकरण ग्राहक आयोगापर्यंतही जातं. बिझनेस क्लासची सीट बटणाने मागे जात नव्हती म्हणून एका दांपत्याने तक्रार केली. हैदराबादच्या जिल्हा ग्राहक आयोगाने २०२४ मध्ये त्यांना भाड्यातली काही रक्कम परत आणि वर प्रत्येकी १ लाख रुपये भरपाई द्यायला लावली. तेव्हा चालणारी खुर्ची मागणं हे लाड नव्हेत.

याहून वाईट म्हणजे जागाच मागच्या वर्गात गेली तर. त्यासाठी डीजीसीएचा, म्हणजे आपल्या सरकारच्या विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या खात्याचा, नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. तुमच्या मर्जीविरुद्ध खालच्या वर्गात बसवलं तर देशांतर्गत प्रवासाला करांसकट तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत मिळते. परदेशी प्रवासाला अंतरावर असतं: १५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, ३५०० पर्यंत ५०, त्यापुढे ७५. लंडन त्यापुढेच येतं. परतीच्या वेळी लंडनहून निघताना ब्रिटनचा नियम लागतो, तिथेही एवढ्या अंतराला ७५ टक्केच आहेत. पण विमान बदललं, नव्याऐवजी जुनं आलं आणि तुम्हाला बिझनेसचीच पण जुनाट खुर्ची मिळाली, तर या नियमात काही बसत नाही. चडफडायचं आणि झोपायचं.

जेवणाकडे येतो, कारण शाकाहारी माणसाची खरी परीक्षा तिथे आहे, आणि तिथे मी एकदा माती खाल्ली आहे.

धंद्यात नवा होतो. एका माळकरी जोडप्याचं तिकीट काढताना खास जेवणाच्या यादीत 'हिंदू मील' दिसलं. म्हटलं, देवाची माणसं, हेच बरोबर. विमानात त्यांच्यापुढे चिकन आलं. विमान कंपन्यांच्या भाषेत हिंदू मील म्हणजे गोमांस नसलेलं जेवण. कोंबडी, मटण, मासे त्यात चालतात. ते काका माझ्यावर ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले, 'माझं काय, हिने वीस तास फक्त केळी खाल्ली.' त्यापेक्षा दोन शिव्या बऱ्या होत्या. तेव्हा मुलाला स्पष्ट सांगा: 'एशियन व्हेजिटेरियन', कोड एव्हीएमएल. हे आपल्या पद्धतीचं, मसाल्याचं शाकाहारी. जैन हवं तर व्हीजेएमएल. नुसतं 'व्हेगन' घेतलंत तर दही, तूप, दुधाचा चहा सगळं गेलं. हे निदान २४ तास आधी नोंदवावं लागतं, आणि विमानात बसल्या बसल्या एकदा आठवण करून द्यायला लाजू नका.

आधी नोंदवलेलं खास जेवण आलं नाही तर तक्रार रास्त. पण मेन्यूकार्डातल्या चार पदार्थांपैकी तुम्हाला हवा तोच संपला, तर तो संपला. खाली दुकान नाही. चवीबद्दलही एक गोष्ट मनाशी धरा. अन्न जमिनीवरच्या स्वयंपाकघरात शिजतं, थंड करून चढवतात आणि वर ओव्हनमध्ये गरम करतात. कुरकुरीत काही तिथे कुरकुरीत राहत नाही. शिवाय केबिनमधली हवा कितीतरी उंचीवरच्या डोंगरासारखी विरळ असते, ८००० फुटांपर्यंत. आपलं महाबळेश्वर साधारण ४५०० फुटांवर आहे, यावरून अंदाज घ्या. आणि हवा इतकी कोरडी की नाक-घसा सुकतो. त्यामुळे मीठ आणि साखर जिभेला कमी लागते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत विमानासारखी हवा तयार करून हे तपासून पाहिलंय. म्हणून आमटी अळणी लागली तर आचाऱ्याला नावं ठेवण्याआधी चिमूटभर मीठ घाला. मी तर सांगलीचं भडंग बरोबर ठेवतो. दोन तासांनी पुडी उघडली की काचेच्या प्लेटीतलं सगळं फिकं पडतं. स्वतःचं कोरडं खाणं खायला कोणी मनाई करत नाही, फक्त तुमचा डबा गरम करून द्या म्हणू नका.

मागण्याबद्दल. आपल्याकडची भिडस्त माणसं पाण्यालासुद्धा बेल दाबत नाहीत आणि मग म्हणतात, कोणी विचारलंच नाही. रात्री दिवे मंदावले की क्रू मुद्दाम फिरत नाही, लोक झोपलेले असतात. दुसरी उशी, गादीचं पातळ आवरण, गरम पाणी, चहा, मधल्या वेळचं खाणं, हे सगळं बेल दाबून मागायचंच आहे. 'पलंग करून द्या' म्हणणंही चालतं. बटणं गोंधळात पाडणारी असतात, काकूंना एकदा दाखवायला सांगा. आणि पट्टा पांघरुणाच्या वरून लावा, म्हणजे हवेत धक्के बसले की पट्टा बघायला तुम्हाला उठवणार नाहीत.

बसल्या बसल्या सरबत किंवा ज्यूस येतं, त्याचे पैसे नाहीत. मग चिमट्याने एक पांढरी वाफाळती सुरळी देतात. तो हातरुमाल असतो, हात-तोंड पुसायला. हे सांगायचं कारण, पहिल्यांदा मला तो खायचा पदार्थ वाटला होता. छोट्या पाऊचमध्ये ब्रश, मोजे, डोळ्यांवरची पट्टी, क्रीम असतं, ते तुमचं, घरी न्या. दुलई आणि हेडफोन त्यांचे. आमच्या एका गिऱ्हाइकाने दुलई बॅगेत घालून आणली आणि वर मलाच दाखवायला ऑफिसात आला.

काय मागू नये, तेही थोडक्यात. शेजारचं बाळ रडलं तर ते गप्प करा असं क्रूला सांगता येत नाही, त्याच्याही जागेचे पैसे भरलेले आहेत. संडास विमानातलाच, लहानसाच. जड बॅग वर चढवणं हे त्यांचं काम नाही, हात लावतील तर आभार माना. वाय-फाय बऱ्याच ठिकाणी पैसे देऊन. दारू देशांतर्गत विमानात मिळतच नाही, परदेशी प्रवासात मिळते, पण जास्त झालीय असं वाटलं तर ते नाही म्हणू शकतात आणि स्वतःची बाटली उघडू देत नाहीत. तुमचा तो प्रश्न नसेल, पण शेजाऱ्याचा असू शकतो. २०२२ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क-दिल्ली विमानात, बिझनेस क्लासमध्येच, दारू प्यायलेल्या प्रवाशाने एका वयस्क बाईंच्या अंगावर लघवी केल्याचं प्रकरण गाजलं. ते नीट न हाताळल्याबद्दल डीजीसीएने कंपनीला ३० लाखांचा दंड केला. असं काही घडलं, किंवा घडेलसं वाटलं, तर जागा बदलून मागा, लेखी नोंद करायला लावा. इथे भीड अजिबात नको.

वागणुकीची अपेक्षा मात्र दोन्हीकडून. 'ए हॅलो' करून चुटकी वाजवणारे महाशय मी पाहिलेत, त्यांना सगळं मिळतं, पण अगदी नियमात बसेल तेवढंच. तुम्ही नावाच्या बिल्ल्याकडे बघून नावाने हाक मारा. भाषेची काळजी करू नका, हिंदी बोलणारं कोणीतरी मुंबईच्या फ्लाइटवर बहुधा असतं, आणि गुडघ्याकडे बोट दाखवलेलं सगळ्या देशांत कळतं.

तुम्ही कंपनीचं नाव लिहिलेलं नाही. फ्लाइट नंबर आणि तारीख इथे टाका, म्हणजे कोणतं विमान लागतं ते बघून काकूंसाठी सीट सुचवतो. मात्र उत्तर संध्याकाळी मिळेल, दुपारी दोन ते चार ऑफिस बंद असतं.