‘तारीख’ म्हणजे इतिहास कसा?

प्रश्न असा आहे : ‘एका लेखात “तारीख-ए-तबरी” या ग्रंथाचा उल्लेख वाचला. आपल्याकडे तारीख म्हणजे कॅलेंडरवरचा आकडा, नाहीतर कोर्टात पडते ती. मग अख्ख्या ग्रंथाचं नाव तारीख कसं? आणि जुन्या लिखाणात “तवारीख” येतो, तो शब्द वेगळा का?’

शब्द एकच आहे. तवारीख हे तारीखचं अरबी अनेकवचन. अरबी अनेकवचनं फारसीतून आपल्याकडे आली, तेव्हा आपण ती सरळ एकवचनं करून टाकली. ‘अहवाल’ हे खरं तर ‘हाल’चं अनेकवचन, पण आपण एकच अहवाल सादर करतो. ‘उमराव’ हे अमीरचं अनेकवचन, आणि आपल्या दरबारात एकटा उमरावही येऊन बसतो. त्याच वाटेने तवारीख मराठीत ‘ती तवारीख’ झाली. तारखेने दिवसाचा अर्थ ठेवला आणि तवारीखने इतिहासाचा. अरबी, फारसी आणि उर्दूत मात्र ‘तारीख’ या एकाच शब्दाला दोन्ही अर्थ आहेत.

आता मुळाकडे. तारीख हे अरबी क्रियावाचक नाम, अर्थ ‘काळाची नोंद घालणे, मिती टाकणे’. त्यामागची धातू व-र-ख. या धातूचे भाऊबंद इतर सेमिटिक, म्हणजे अरबीच्याच कुळातल्या, भाषांत सापडतात : हिब्रूत ‘यारेअह’ म्हणजे चंद्र आणि ‘येरह’ म्हणजे महिना, दक्षिण अरबस्तानातल्या प्राचीन शिलालेखांत ‘वरख’ म्हणजे महिना. म्हणजे तारीख हा मुळात चांद्रमासाचा शब्द. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चात आपल्याकडे ‘शिवजयंती तारखेने की तिथीने’ हा वाद होतो, तेव्हा मला हे हटकून आठवतं. तिथीवाले चंद्राच्या बाजूने आणि तारीखवाले सूर्याच्या, पण शब्दाचा जन्म पाहिला तर तारीखही चंद्राचीच लेक.

(काही जुन्या लेखकांनी हा शब्द फारसी ‘माह-रोज’, म्हणजे महिना-दिवस, यावरून काढला आहे. ऐकायला गोड आहे, पण वर दिलेले भाऊबंद पाहता पटत नाही.)

दिवसाच्या नोंदीपासून इतिहासापर्यंत हा शब्द कसा पोचला, हे सांगायला त्या ग्रंथाचा लेखक, खुद्द तबरीच उपयोगी पडतो. त्याचं नाव अबू जाफर मुहम्मद इब्न जरीर. जन्म इ. स. ८३९ च्या सुमाराचा, कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेला तबरिस्तानातल्या आमुल गावी, म्हणून ‘तबरी’. बाराव्या वर्षी शिकायला घर सोडलं, आधी आजच्या तेहरानजवळचं रय, मग बगदाद. बगदादला अहमद इब्न हंबल या मोठ्या विद्वानाकडे शिकायचं मनात होतं, पण ८५५ मध्ये ते वारले आणि भेट हुकली. पुढे बसरा, कूफा, सीरिया, इजिप्त अशी पायपीट करून तो ८७० च्या सुमारास बगदादला परतला आणि ९२३ मध्ये तिथेच वारला. लग्न केलं नाही, सरकारी पदं नाकारली, आमुलकडच्या वडिलार्जित जमिनीच्या उत्पन्नावर राहिला. इब्न हंबल हे हदीसचे, म्हणजे मुहम्मद पैगंबरांच्या वचनांचे आणि आठवणींचे, जाणकार, पण त्यांना कायदेपंडितांत गणता येत नाही, असं त्याचं मत. त्यामुळे ज्यांच्याकडे शिकायला निघाला होता, त्यांच्याच अनुयायांचा रोष म्हातारपणी वाट्याला आला. घरावर दगडफेक झाल्याचंही जुने चरित्रकार सांगतात.

त्याचे दोन ग्रंथ अवाढव्य : एक कुराणावरचं भाष्य आणि दुसरा ‘तारीख अर-रुसुल वल-मुलूक’, म्हणजे प्रेषितांचा आणि राजांचा इतिहास. हीच ती ‘तारीख-ए-तबरी’. (रुसुल हे रसूलचं अनेकवचन, मुलूक हे मलिकचं. आपला ‘मुलूख’ म्हणजे प्रदेश, तो ‘मुल्क’ या शब्दावरून. धातू एक, शब्द वेगळे.)

या ग्रंथाची सुरुवात सृष्टीच्या उत्पत्तीपासून आहे आणि शेवट हिजरी ३०२, म्हणजे इ. स. ९१५ पाशी. हिजरतीपर्यंतचा, म्हणजे पैगंबर मक्का सोडून मदिनेला गेले तिथपर्यंतचा, भाग प्रेषितांच्या कथा आणि इराणी राजांच्या पिढ्या यांवर चालतो. हिजरतीनंतर मात्र सालवार मांडणी सुरू होते. प्रत्येक वर्षाच्या तोंडी ठरलेलं वाक्य : ‘सुम्म दखलत सनत...’ कान देऊन ऐका. ‘सन’ आपलं, ‘दखलत’मध्ये ‘दाखल’ आपलं. मग अमुक सन दाखल झालं! त्या वर्षातल्या लढाया, नेमणुका, मृत्यू असं सगळं त्या सनाखाली. तारखा घालत जाणं हीच जिथे लिहिण्याची रीत, तिथे ‘तारीख’ हे त्या लिखाणाचं नाव होणारच. आपल्याकडे याला चपखल जोड आहे ती ‘शकावली’ची. शिवकाळातल्या घटना टिपणाऱ्या जेधे शकावलीत शक आणि मिती देऊन एकेक नोंद येते, आणि त्या प्रकाराचं नावच मुळी शकांची ओळ.

पण शकावलीत नुसता सांगाडा असतो. तबरीकडे सनाखाली ‘खबर’ येते, आणि इथे आपला दुसरा शब्द भेटतो. ‘बखर’ हा खबरचाच वर्णविपर्यय, नुकसानचं ‘नुसकान’ होतं तसा, असं मानणारे बरेच आहेत. दुसऱ्या व्युत्पत्त्याही सुचवल्या गेल्या आहेत, पण मला हीच सरळ वाटते. तबरीचा ग्रंथ म्हणजे शकावलीच्या दोरीत ओवलेल्या बखरी, असं मी कुणाला समजावताना सांगतो.

फरक एक आहे, आणि तो मोठा. आपला बखरकार बहुधा स्वतःच्या आवाजात सांगतो. तबरी प्रत्येक खबरीआधी ती कुणी कुणाला सांगितली ही साखळी देतो : मला अमक्याने सांगितलं, त्याला तमक्याने... या साखळीचं नाव इस्नाद किंवा सनद. हो, तीच आपली वतनाची सनद. आधार, टेकू हा मूळ अर्थ दोन्हीकडे कायम आहे. एकाच घटनेच्या दोन-तीन विसंगत खबरी असल्या तर तो त्या शेजारी शेजारी ठेवतो आणि बहुतेक वेळा निवाडा देत नाही. प्रस्तावनेत बजावूनच ठेवतो की एखादी गोष्ट वाचणाऱ्याला अशक्य वाटली, तर ती माझ्या पदरची नव्हे. मला जशी पोचली तशी मी पुढे दिली.

खुद्द कालगणना कशी सुरू झाली, याच्याही वेगवेगळ्या खबरी त्याने दिल्या आहेत. एकीत अबू मूसा हा सुभेदार खलिफा उमरना कळवतो की तुमची पत्रं येतात, पण त्यांवर मिती नसते. दुसरीत उमरपुढे एक रोखा येतो, शाबान महिन्यात देणं असलेला. उमर विचारतात, कुठला शाबान? चालू की येणारा? मग विचारविनिमय होऊन हिजरतीपासून वर्षं मोजायचं ठरतं. दोन्हीकडे अडचण कारकुनीची आहे. कागदावर तारीख नसली की काय होतं, हे आपल्या तलाठी कार्यालयात जाऊन आलेल्या माणसाला निराळं सांगायला नको.

सालवार पद्धतीचा तोटाही आहे. घटना चार वर्षं चालली तर तिचे चार तुकडे होतात. पुढे इब्न अल-असीर या इतिहासकाराने नेमकी हीच तक्रार केली आणि आपल्या ग्रंथात तुकडे सांधून घेतले, साखळ्याही गाळल्या. त्याआधीच, ९६३ च्या सुमारास, इराणकडच्या सामानी राजघराण्याचा वजीर बलअमी याने तबरीचा फारसी अवतार केला होता, तोही साखळ्यांविना. ‘तारीख-ए-अमुक’ हे नामकरण फारसीतून हिंदुस्थानात रुळलं. अहमदनगरात वाढलेल्या आणि पुढे विजापूरच्या दरबारी गेलेल्या फरिश्ता या इतिहासकाराचा ग्रंथ ‘तारीख-ए-फरिश्ता’ म्हणून ओळखला जातो, तो याच वळणाने.

तबरीची एक गोष्ट शब्दवेड्यांनी विसरू नये. इतिहास सांगून शिष्यांकडून उतरवून घ्यायचं ठरलं, तेव्हा शिष्यांनी विचारलं, केवढा होईल? तो म्हणाला, तीस हजार पानं. शिष्य म्हणाले, संपायच्या आत आयुष्यं संपतील. तेव्हा ‘इन्ना लिल्लाह’, म्हणजे कुणी गेल्याचं कळल्यावर म्हणतात ते वचन, म्हणून तो उद्गारला, ‘मातत अल-हिमम!’ आणि तीन हजारांवर आला. ‘हिमम’ हे ‘हिम्मत’चं अनेकवचन. लोकांची हिंमत मेली!

राहिला मराठीत लिहायचं कसं हा मुद्दा. नेहमीची, कॅलेंडरवरची तारीख मराठीने पुरती आपली केली आहे. खारीक-खारका, बेरीज-बेरजा, तशी तारीख-तारखा. मधला ‘री’ अंग चोरतो. पण ग्रंथाच्या नावातल्या तारीखचं रूप चालवायच्या भानगडीत पडू नका. ‘तबरीच्या तारखेत म्हटलं आहे’ असं लिहिलंत तर वाचणारा त्याची जन्मतारीख शोधू लागेल. ‘तबरीचा इतिहास’ बिनचूक आहे. मला स्वतःला ‘तबरीची तवारीख’ आवडतं. स्त्रीलिंगी, एकवचनी, आणि ‘तवारिखेत’ असं सुखाने चालवता येतं.